फ्रेम तुमच्या जबाबदारीवर

"आरशात बघा ना सर, एकदम भारी दिसतंय," दुकानातला मुलगा म्हणाला.

मी बघितलं. आरशात एक गव्हाळ ढग होता आणि ढगावर दोन काळे फराटे. फराटे बहुधा फ्रेमचे आणि ढग बहुधा मी. पण शेजारी आणखी एक गिऱ्हाईक उभं असल्यामुळे खात्री देता येईना. दोन्ही डोळ्यांना वजा साडेसहा नंबर असलेल्या माणसाला फ्रेम निवडायची तर आधी चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की निवडायचं काय तेच दिसत नाही. जीभ काढून ठेवून आंबा चाखण्यातला प्रकार. मग मी नवी फ्रेम नाकावर चढवतो, तिच्यापुढे जुना चष्मा हाताने धरतो आणि आरशात डोकावतो. त्यात फ्रेम कशी दिसते ते कळत नाहीच, मी किती केविलवाणा दिसतो तेवढं कळतं.

निसर्गाने याची भरपाई मात्र एका बाबतीत केली आहे. साडेसहा नंबरवाल्याला पंधरा सेंटिमीटरपलीकडचं जग धुकं असतं, पण त्या पंधरा सेंटिमीटरच्या आत तो राजा असतो. नाकाशी धरलेला स्क्रू त्याला असा दिसतो की आटे मोजून घ्यावेत. तेव्हा रूप आपल्याला दिसत नाही, म्हणून मी गुण बघतो. फ्रेमची बांधणी.

"छान आहे," मी मुलाला म्हणालो, "पण भुवई कशी बसवलीय?"

त्याने माझ्या भुवईकडे पाहिलं.

"माझी नाही रे. फ्रेमची."

ही फ्रेम तुम्ही पाहिलेली आहे. वरचा अर्धा भाग जाड, काळा किंवा तपकिरी, भुवयांसारखा; खाली काचेला नुसती सोनेरी तार. साठ-सत्तर सालच्या कृष्णधवल ग्रुप फोटोत मधल्या खुर्चीवरच्या हेडमास्तरांच्या नाकावर असायची ती. आता तिला कुठल्याही दुकानात सरसकट 'क्लबमास्टर' म्हणतात, कंपनी कुठलीही असो, जसं वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणायचो. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कपाट आवरताना माझी मुलगी ज्याला अडगळ म्हणाली होती, त्याच घाटाची फ्रेम तिने मला मोबाइलवर दाखवली आणि म्हणाली, "बाबा, रेट्रो घ्या."

घेतली. घरबसल्या, १,३९९ रुपयांना, काचा वेगळ्या.

तिसऱ्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगतीत वरण वाढणाऱ्याला "अर्धीच पळी" म्हणायला मान वर केली, मग खाली केली, आणि माझी डावी भुवई अळूच्या भाजीत पडली. काच जागेवर, तार जागेवर, फक्त वरचा काळा तुकडा गळाला. उरलेल्या चष्म्यात मी उजव्या बाजूने हेडमास्तर आणि डाव्या बाजूने खादी भांडाराचा चिटणीस दिसत होतो म्हणे. समोरच्या काकू "अहो, भाजीत झुरळ—" एवढंच बोलल्या आणि पंगतीच्या त्या टोकापर्यंत अळू कोणी घेईना. मी भुवई काढली, पुसली, खिशात घातली. मुलीच्या सासरकडच्या एका गृहस्थांनी हे सगळं पाहिलं. झुरळ पुसून खिशात घालणारा माणूस म्हणून आजही ते मला ओळखतात.

घरी येऊन दोष कुणाचा ते शोधायला बसलो, तर इतिहास हाती लागला. ही फ्रेम १९४७ साली अमेरिकेत शुरॉन कंपनीच्या जॅक रोहरबॅक या गृहस्थांनी काढली, नाव 'रोन्सर'. कल्पना अशी की भुवया, नाकावरचा पूल आणि काचेची तार हे भाग सुटे ठेवायचे. म्हणजे ज्याला हवी त्या रंगाची भुवई, ज्याच्या नाकाला हवा तेवढा पूल, असं जोडून देता यावं. हे वाचून माझा राग निम्मा ओसरला. माझी फ्रेम मूळ कल्पनेशी इतकी प्रामाणिक होती की आपणहून सुटी झाली. पन्नासच्या दशकात ती अमेरिकेत जिकडेतिकडे झाली. कृष्णवर्णीयांचे लढाऊ नेते माल्कम एक्स यांच्या डोळ्यांवर हाच घाट आणि केएफसीच्या कर्नल सँडर्सच्याही. एकाला त्यातून क्रांती दिसली, दुसऱ्याला कोंबडी. मला अळू.

यापुढे फसायचं नाही असं ठरवलं. पारख आमच्या रक्तात आहे. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तपासणीला होते. दिवसभर नोटांमधले दोष काढायचे आणि घरी आल्यावर आमच्यातले. तुटकी भुवई दोऱ्याने बांधून नाशिकच्या मेन रोडवरच्या या दुकानात शिरलो तेव्हा त्यांचा वारसा माझ्या अंगात संचारला होता.

पहिल्यांदा फ्रेम काउंटरच्या काचेवर उलटी ठेवली. चांगली फ्रेम पाटासारखी टेकते. ही हॉटेलातल्या टेबलासारखी डुगडुगली. "ते सेट करून देतो सर," मुलगा म्हणाला. चष्म्याच्या दुकानात सगळंच सेट होतं. नाकाचा आकारसुद्धा त्यांना हीटरवर धरून सेट करता येईल असा त्यांचा विश्वास असतो. मग काडी अर्धवट उघडून सोडून दिली. बिजागरी नीट असेल तर काडी सोडली तिथेच थांबते. ही मान टाकावी तशी पडली. "ते पण सेट होईल."

मग फ्रेम नाकाशी नेली आणि बिजागरीच्या कड्या मोजायला लागलो. स्वस्तात तीन असतात, बऱ्या मालात पाच, चैनीच्या मालात सात.

"वास येणार नाही सर," मुलगा हळूच म्हणाला, "नवीन आहे."

"हुंगत नाहीये. मोजतोय."

तीन.

पुढे आली सगळ्यात नाजूक परीक्षा. भुवईच्या बाहेरच्या कोपऱ्यांत चांदीच्या ठिपक्यासारख्या दोन चकत्या असतात. जुन्या पद्धतीच्या फ्रेममध्ये ती रिव्हेटची डोकी. रिव्हेट आरपार जाऊन मागची बिजागरी धरून ठेवते. नकलेत मात्र ती नुसती शोभेला चिकटवलेली असते. म्हणजे टिकली. मी नखाने जरा चाचपलं आणि ती खरंच टिकलीसारखी बोटाला चिकटून आली. मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाला चष्म्याची केस दाखवत होता. करणार काय? आमच्या न्हाणीघरातल्या शिरस्त्याप्रमाणे मी ती आरशाच्या कडेला लावून टाकली.

"याच्यापेक्षा वरचं दाखव," मी म्हणालो.

वरचं ४,२०० रुपयांचं होतं. "इटालियन शीट आहे सर. हॅण्डमेड ॲसिटेट." ॲसिटेट हा शब्द दुकानात शुद्ध तुपासारखा उच्चारतात, पण मूळ वस्तू म्हणजे कापूस किंवा लाकडाचा लगदा. त्याच्या लाद्या करतात, लादीतून फ्रेम कापतात आणि मग लाकडाच्या बारीक तुकड्यांबरोबर पिंपात घालून दिवसच्या दिवस घोळवतात. संक्रांतीचा हलवा परातीत घोळवतात ना, अगदी तसं. फरक इतकाच की हलव्याला काटा आलाच पाहिजे आणि फ्रेमला येता कामा नये. याउलट साच्यात ओतलेलं प्लास्टिक ओळखायचं कडेवरून: नख फिरवलं की जोडाची रेघ लागते, प्लास्टिकच्या मगाच्या कानाला लागते तशी. मी नख फिरवलं. रेघ होती. इटालियन मग.

"अहो," बायको मागच्या बाकावरून म्हणाली. ती तासभर तिथे बसली होती आणि तेवढ्यात दोन अनोळखी बायकांच्या मुलांची लग्नं जमवण्यापर्यंत पोचली होती. "चष्मा घेताय की म्हैस? दात मोजून झाले असतील तर चला. अण्णांचा चष्मा आहे की कपाटात, तोच लावा. रेट्रोचा रेट्रो आणि फुकटचा फुकट."

असं काही सुचलं की तिच्याकडे बघायचं नसतं, पण त्या अंतरावरून ती मला दिसतही नव्हती.

अण्णांचा चष्मा १९६४ सालचा. त्यांचा मामेभाऊ जहाजावर होता, त्याने आणलेला. कपाटातल्या चष्म्याच्या घरातून काढला, डायनिंग टेबलावर उलटा ठेवला. पाटासारखा टेकला. काडी अर्धी उघडली. साठ वर्षांनंतरही जिथे सोडली तिथे थांबली, अण्णा बोलता बोलता थांबून आमच्याकडे बघायचे तशी. कड्या मोजल्या. सात! चकत्या नखाला दाद देईनात. काडीचा घामाकडचा भाग तेवढा पांढुरका पडला होता आणि नाकाच्या चिमट्याशी हिरवं साचलं होतं. तारेच्या मिश्रधातूत तांबं असतं, त्याला घाम लागला की हा हिरवटपणा येतो. "पितांबरी लावू का?" बायकोने विचारलं. तिच्या लेखी हिरव्या रंगाचं आणखी काही शास्त्र नाही.

मी पूल नाकाशी नेला आणि आतल्या बाजूचे सूक्ष्म अक्षर वाचले: १/१०, १२ के, जी. एफ.

"म्हणजे?"

"गोल्ड फिल्ड. सोन्याचा पत्रा चढवलेला."

बायकोने पितांबरीचा डबा खाली ठेवला. चष्मा तिने प्रथमच दोन्ही हातांनी धरला. सराफ बाजारात जाऊन दाखवून यावा का, अशीही चर्चा निघाली. मी हिशेब मांडला: धातूच्या वजनाचा दहावा हिस्सा सोनं, तेही बारा कॅरेट, म्हणजे निम्मं शुद्ध. चष्म्यातला धातू आठ ग्रॅम धरला तरी शुद्ध सोनं ०.४ ग्रॅम. "तेवढं तर माझ्या मंगळसूत्राच्या कडीत असेल," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

खरी यात्रा यानंतर सुरू झाली. काचा नव्या करायच्या नव्हत्या. दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यातल्याच घासून अण्णांच्या लहान खोबणीत बसवायच्या. पहिल्या दुकानात मुलाने फ्रेम हातात घेतली, वाकवली नाही, फक्त वाकवण्याचा विचार केला आणि म्हणाला, "जुनी आहे सर. तुटली तर आमची जबाबदारी नाही." दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्यात तर पाटीच होती: 'जुनी फ्रेम ग्राहकाच्या जबाबदारीवर'. तीन कड्यांची फ्रेम वर्षभराच्या गॅरंटीसह मिळते आणि सात कड्यांच्या फ्रेमला हात लावायला कोणी तयार नाही! अर्थात त्यांचंही बरोबर आहे. जुनं ॲसिटेट आतून सुकत जातं. काच दाबताना कधी तडकेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

शेवटी रविवार कारंजाजवळ जिन्याखालच्या एका दुकानात एक म्हातारे काका सापडले. त्यांनी चष्मा घेतला, उलटा ठेवला, काडी सोडून पाहिली, कड्यांवरून अंगठा फिरवला. माझ्या सगळ्या परीक्षा, त्याच क्रमाने, अर्ध्या मिनिटात. मग "हं" म्हणाले. त्या एका 'हं'साठी मी चार दुकानं पालथी घातली होती असं वाटलं.

"काच याच चष्म्यातली काढायची ना? द्या."

मी डोळ्यांवरचा चष्मा काढून दिला. जग पंधरा सेंटिमीटरचं झालं. काका होते तिथे आता खाकी ढग होता. दोरा कापल्याचा आवाज आला. मग घासण्याचं चाक बराच वेळ घरघरलं. मग शांतता. मग काका स्वतःशीच "बस... बस रे बाबा..." म्हणाले.

टक्.

"काय झालं, काका?"

"काही नाही."

"आवाज आला."

"काच बसली की येतो."

"दोन काचा आहेत, आवाज एकच आला."

खाकी ढग थोडा हलला. "साहेब," तो म्हणाला, "तुम्ही असं करा, समोर चांदीच्या गणपतीला नमस्कार करून या."

मी उठलो. बाहेर दोन ढग होते, एक पिवळा आणि एक शेंदरी. शेंदरी धरून चालू लागलो.