न्यायाधीशाचं सातवं वर्ष

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कॉलेजियमचा, म्हणजे न्यायाधीशांची नावं ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या गटाचा, विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. न्यायाधीशांनीच न्यायाधीश नेमायचे हा कुठला न्याय, असं एक जण विचारतो. मग काय मंत्र्यांच्या हातात द्यायचं, असं दुसरा. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकीत सरकारलाही जागा देणारा न्यायिक नियुक्ती आयोग 4 विरुद्ध 1 बहुमताने रद्द केला, तेव्हापासून गाडी तिथेच अडकली आहे: नेमणार कोण? मी 19 वर्षं न्यू जर्सीत राहते. इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे बघता बघता मला वाटायला लागलंय की आपण अर्ध्याच प्रश्नावर भांडतोय. नेमल्यानंतर त्या माणसाला कुणाच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं, हा उरलेला अर्धा.

अमेरिकेत वॉशिंग्टनचं सुप्रीम कोर्ट वेगळं आणि प्रत्येक राज्याचं वेगळं. न्यू जर्सीचं ट्रेंटनला बसतं. 1947 पर्यंत इथे 1844 च्या राज्यघटनेतली जुनी घडी होती. सगळ्यात वरच्या अपील कोर्टात 16 जण बसत आणि त्यातल्या काहींना वकील असण्याचीही अट नव्हती. आर्थर व्हँडरबिल्ट नावाच्या वकिलाने या पसाऱ्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडून कोर्टांची नवी रचना घडवून आणली, आणि 1948 मध्ये नव्या कोर्टाचे पहिले सरन्यायाधीशही तेच झाले. तेव्हापासून सरन्यायाधीश धरून न्यायाधीश सात. लोकांनी निवडून दिलेला गव्हर्नर नाव सुचवतो, सिनेट, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह, उघड सुनावणी घेऊन ते मंजूर करते. एका पक्षाचे चारांपेक्षा जास्त नकोत, हा संकेत कुठेही लिहिलेला नसताना दोन्ही पक्ष आजवर पाळत आले आहेत.

पण या रचनेचं खरं मर्म सातव्या वर्षात आहे. पहिली नेमणूक फक्त सात वर्षांची. ती संपताना गव्हर्नरने पुन्हा नाव दिलं आणि सिनेटने मान्य केलं, तर न्यायाधीश वयाच्या सत्तरीपर्यंत निर्धास्त. नाहीतर घरी.

आता कल्पना करा, सहा वर्षं झाली आहेत आणि समोर अशी केस आली आहे की निकाल कसाही दिला तरी अर्धं राज्य चिडणार. माउंट लॉरेल या गावाचं प्रकरण तसं होतं. 1975 मध्ये या कोर्टाने सांगितलं की वाढत्या गावांनी झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे, नियम असे करू नयेत की गरिबाला तिथे घरच मिळणार नाही. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायचा. गावं टाळाटाळ करत राहिली, तेव्हा 1983 मध्ये सरन्यायाधीश रॉबर्ट विलेन्ट्झ यांनी त्या तत्त्वाला दात दिले: गाव ऐकत नसेल तर बिल्डर कोर्टात जाऊन बांधकामाची परवानगी मिळवू शकेल. बाहेरच्या उपनगरांत संतापाची लाट उसळली. विलेन्ट्झ यांचं सातवं वर्ष 1986 मध्ये आलं. गव्हर्नर टॉम केन रिपब्लिकन, विलेन्ट्झ डेमोक्रॅट. तरीही केन यांनी त्यांचं नाव पाठवलं आणि सिनेटमध्ये ते जेमतेम मतांनी तरले.

हा निकाल आमच्या दारापर्यंत येतो. 2025 च्या जूनअखेर प्रत्येक गावाला पुढच्या दहा वर्षांचा घरांचा आराखडा मंजूर करायचा होता. आमच्या टाउनशिपच्या सभेत मी मागच्या रांगेत बसले होते. आपल्याच मराठी मंडळातले एक काका माइकपाशी गेले आणि म्हणाले, शाळा आधीच भरल्या आहेत, घरांच्या किमती पडतील. टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांसमोर आली ती 19 वर्षांपूर्वीची आमची एका बेडरूमची जागा. तिघी मैत्रिणी, एक गादी, आणि भाडं भरून महिनाअखेर उरणारे चाळीस-पन्नास डॉलर. त्या काकांनीही अशीच सुरुवात केली होती, हे मला ठाऊक आहे. त्यांचं पोटतिडकीने बोलणं खोटं नव्हतं. पण त्या सभेच्या टाळ्यांवर न्यायाधीशाची नोकरी अवलंबून असती, तर माउंट लॉरेल कधी झालंच नसतं.

केन यांनी दाखवलेलं भान 2010 मध्ये सुटलं. गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांना पुन्हा नेमायला नकार दिला. वॉलेस तेव्हा कोर्टातले एकमेव कृष्णवर्णीय न्यायाधीश होते आणि त्यांना सत्तर पूर्ण व्हायला दोन वर्षंही उरली नव्हती. 1947 च्या घटनेनंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांच्या वागण्याबद्दल तक्रार नव्हती. कोर्ट कायदे करायला लागलंय आणि मला ते बदलायचंय, एवढंच कारण. सिनेट अडून बसली, पुढची नावं अडली, आणि काही वर्षं खालच्या अपील कोर्टातल्या न्यायाधीशांना तात्पुरतं वर बसवून काम भागवावं लागलं.

आणि तरी, 2013 च्या ऑक्टोबरमध्ये सरन्यायाधीश स्टुअर्ट रॅबनर यांनी समलिंगी विवाह थांबवायला एकमताने नकार देणारा निकाल लिहिला. ख्रिस्टी यांचा अशा विवाहांना उघड विरोध होता. रॅबनर यांचं सातवं वर्ष चालू होतं आणि त्यांचं भवितव्य याच गव्हर्नरच्या सहीवर होतं. पुढच्या वर्षी, बरीच राजकीय देवाणघेवाण होऊन, त्यांची फेरनेमणूक झाली. तो निकाल वाचला तेव्हा मला भरून आलं होतं. पण प्रत्येक न्यायाधीशाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा ठेवणारी पद्धत मला धोकादायक वाटते.

म्हणून ग्रुपवर कुणी अमेरिकेसारखं करा म्हणालं की मी थांबवते. इथेही बंद दारं आहेत. उमेदवाराच्या काउंटीतल्या एका सिनेटरने गप्प राहून नाव अडवायचं, अशी जुनी प्रथा आहे. 2021 मध्ये सुचवलेलं एक नाव त्यापायी दीड वर्ष लटकलं होतं. सिनेटची उघड सुनावणी मात्र आपण जरूर घ्यावी. उमेदवाराला नागरिकांसमोर प्रश्न विचारले जातात, हे बघताना खुर्चीबद्दलचा आदर वाढतोच.

आपल्याकडे सातवं वर्ष नाही, असं वाटतं. उच्च न्यायालयात 62 आणि सर्वोच्च न्यायालयात 65 पर्यंत खुर्ची पक्की. पण ते दुसऱ्या वेषात येतं. एकदा बदलीच्या रूपात: आणीबाणीत, 1976 मध्ये, उच्च न्यायालयांच्या 16 न्यायाधीशांना असंच दुसऱ्या राज्यांत पाठवलं होतं. आणि एकदा निवृत्तीच्या आदल्या वर्षी, जेव्हा पुढच्या आयोगाचं किंवा न्यायाधिकरणाचं पद सरकारच्या हातात असतं. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना त्यांनी जाहीर सांगितलं की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही. मला त्याचा अभिमान वाटला. पण एका माणसाचा निग्रह त्याच्याबरोबरच निवृत्त होतो. नियम हवा: निवृत्तीनंतर किमान दोन वर्षं कुठलंही सरकारी पद नाही, आणि बदली झाली तर तिचं कारण लेखी आणि जाहीर.

हे सगळं मी अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी सांगलीत चाळीस वर्षं वकिली केली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला यावं म्हणून कितीतरी आंदोलनांत बसले. 18 ऑगस्ट 2025 ला ते बेंच सुरू झालं, त्या सकाळी आमच्याकडे रात्रीचे बारा वाजले असतील. "आता पक्षकाराला मुंबईची रात्रीची गाडी धरायला नको," एवढं म्हणून ते बराच वेळ गप्प राहिले होते. या वेळी मात्र त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी घेतली. दोनच वर्षं का? राज्यपालपद त्यात धरलंस का? बदली न्यायाधीशाने स्वतःच मागितली असेल तर?

मग म्हणाले, "एका पानात बसव आणि पाठव. सोमवारी बार रूममध्ये वाचतो."