‘आलेखात दिसतंय, मग आकडा कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकाच मुलाची मोजकी निरीक्षणं, सुधारणा आलेखात डोळ्यांना दिसते, मग ‘आर’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये ‘स्कॅन’ हे एकेका व्यक्तीच्या निरीक्षणांसाठीचं पॅकेज चालवून रिलायबल चेंज इंडेक्स (बदल भरवशाचा आहे का, हे सांगणारा निर्देशांक) काढणं हा नुसता थाट. शिवाय सूत्र गटांच्या अभ्यासातलं.

शेवटचा आक्षेप निम्माच खरा. जेकबसन आणि ट्रुअ‍ॅक्स यांच्या १९९१च्या मांडणीत विश्वसनीयता (चाचणीचे गुण किती भरवशाचे) आणि प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) गटाकडून येतं, हे कबूल. पण प्रश्न एकेका रुग्णाचाच आहे: उपचाराआधीच्या आणि नंतरच्या गुणांतला फरक चाचणीच्या स्वतःच्या चुकीपेक्षा मोठा आहे का? हे आलेख सांगत नाही. आणि डोळ्यांवर तुमची एवढी भिस्त आहे म्हणून सांगतो, एकच आलेख बघून जाणकारांचंही एकमत होत नाही, हे डीप्रॉस्पेरो आणि कोहेन यांनी १९७९मध्येच दाखवलं होतं.

खरी गोम मात्र तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. समजा, प्रमाण विचलन १० आणि गुणांत ९ची घट. विश्वसनीयता ०.८४ धरली, तर मोजमापाची प्रमाण त्रुटी ४, फरकाची ५.६६ आणि निर्देशांक (घट भागिले फरकाची त्रुटी) १.५९. म्हणजे १.९६ या रूढ मर्यादेच्या खाली, बदल भरवशाचा नाही. तीच विश्वसनीयता ०.९१ धरा: त्रुटी ३, फरकाची ४.२४, निर्देशांक २.१२. झाला बदल भरवशाचा! मूल तेच, गुणही तेच. आता ०.९१ हा क्रॉनबॅक अल्फा (चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) असेल आणि ०.८४ पुनर्चाचणीचा सहसंबंध (तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर गुण किती जुळतात), तर कुठला घ्यायचा हे सॉफ्टवेअर ठरवत नाही, तो आकडा आपण भरतो. हे न लिहिता नुसता निर्देशांक छापणाऱ्यांवर तुम्ही चिडला असतात तर मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. प्रमाण विचलनाचंही तसंच. ते त्या मुलाच्याच निरीक्षणांतून काढलं आणि बेसलाइन (उपक्रमाआधीची निरीक्षणं) फार स्थिर असली, तर छेद आक्रसतो आणि निर्देशांक उगाच फुगतो.

राहिलं तुमचं वाचनवेगाचं उदाहरण. मिनिटाला वाचलेले शब्द बेसलाइनच्या शेवटच्या तीन निरीक्षणांतच वाढू लागले होते, असं तुम्हीच लिहिलंय. तिथे निर्देशांक कितीही मोठा आला तरी श्रेय तुमच्या उपक्रमाला देता येणार नाही, कारण आधीपासूनचा चढ त्याला दिसतच नाही. टाऊ-यू हा आधीच्या आणि नंतरच्या निरीक्षणांची तुलना करणारा निर्देशांक बेसलाइनचा कल वजा करू शकतो, तो काढून बघा. पण निरीक्षणं एकमेकांशी जोडलेली असली की त्याच्या पी-मूल्यावरही (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का, हे जोखणारा आकडा) फार विसंबू नका. जमलं तर आणखी दोन मुलांवर उपक्रम वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करा. तिघांचाही वेग आपापल्या सुरुवातीनंतरच वाढला, तर आपण पुन्हा बोलू.