गेजची अर्थिंगची वायर काढू नका

प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘व्हॅक्यूम गेजचं रीडिंग नाचत असेल तर अर्थिंगची वायर काढून टाका, ग्राउंड लूप तुटतो. धोका काही नाही. व्हॅक्यूम हा इन्सुलेटर आहे, चेंबर धातूचं असल्याने आपोआप अर्थ होतं, करंट मिलीॲम्पमध्ये असतो, आणि लाइनवर आरसीसीबी आहेच.’ व्हॅक्यूम गेज म्हणजे पंपाने हवा उपसलेल्या चेंबरमधला दाब मोजणारं उपकरण, ग्राउंड लूप म्हणजे अर्थिंगच्या वायरींतून फिरणारा नको असलेला करंट, आणि आरसीसीबी म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. एमएस्सीची मुलं हे वाचून उद्या खरंच वायर काढतील, म्हणून लिहितो आहे.

‘व्हॅक्यूम इन्सुलेटर आहे.’ उत्तम निर्वातात हे खरं. पण पंप सुरू केल्या केल्या आपण तिथे पोहोचत नाही, मधल्या दाबांतून जावं लागतं. नेहमीच्या हवेत एक सेंटिमीटरची फट ओलांडायला विजेला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. दाब अर्ध्या टॉरच्या (टॉर हे दाबाचं एकक) आसपास आला की तीच फट साडेतीनशे व्होल्टच्या आत ओलांडली जाते. पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८८९ मध्येच दाखवून दिलंय. पेनिंग गेजवर (आत डिस्चार्ज पेटवून, त्याच्या करंटवरून खूप कमी दाब मोजणारा गेज) दोन-तीन हजार व्होल्ट असतात. म्हणजे रफिंग, म्हणजे सुरुवातीचा उपसा, चालू असताना आतली हवा इन्सुलेटर नव्हे, चक्क वाहक होऊ शकते. बेल जारमध्ये दिसणारी ती जांभळट-गुलाबी झळाळी दुसरं काय असते?

‘चेंबर आपोआप अर्थ होतं.’ हे मला हाताने कळलंय. आमच्या कोटिंग युनिटवर पिरानी (मधल्या दाबांसाठीचा दुसरा गेज) अर्ध्या मिलिबारच्या जवळ होता आणि पेनिंगचा स्विच आधीच्या बॅचपासून चालूच राहिला होता. पेनिंगचा काटा हलेना. केबल सैल असेल म्हणून हेड, म्हणजे चेंबरवर बसवलेला गेजचा भाग, धरून कनेक्टर हलवायला गेलो आणि कोपरापर्यंत झटका बसला. हात मागे गेला तो स्टँडवर आदळला.

नंतर सगळं उघडून बघितलं. हेड आणि बेसप्लेटच्या मध्ये ओ-रिंग, वर प्लास्टिकचा क्लॅम्प. दोन्ही इन्सुलेटर. पेनिंग हेडचं बाहेरचं कवच हाच कॅथोड असतो आणि करंट केबलच्या शील्डमधून (बाहेरच्या विणलेल्या तारांच्या वेष्टणातून) परत जातो. ती शील्ड कनेक्टरपाशी तुटली होती. मग आतल्या डिस्चार्जमधून कवचावर ॲनोडचं व्होल्टेज चढत गेलं, आणि करंटला परतीची वाटच नसल्याने काटा जागचा हलेना. जे बिघाडाचं लक्षण होतं, तेच मला हात घालायला बोलावत होतं. थ्री-पिन प्लगने कंट्रोलरचा डबा तेवढा अर्थ होतो. रंग, थ्रेडवरची टेफ्लॉन टेप, ओ-रिंग, यांतलं काहीही मध्ये आलं की पुढचा धातू अधांतरी.

‘करंट मिलीॲम्पमध्ये असतो.’ पेनिंगमध्ये मालिकेत मोठा रेझिस्टर असतो, म्हणून मी झटक्यावर सुटलो. गरम फिलामेंटच्या आयन गेजचं इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने डिगॅस करताना (आतल्या भागांना चिकटलेला वायू तापवून काढताना) मात्र ५०० व्होल्टच्या आसपास आणि दहापेक्षा कितीतरी जास्त मिलीॲम्प असतात. दहा-पंधरा मिलीॲम्पलाच अनेकांची मूठ सुटत नाही.

आणि आरसीसीबी? तो फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक बघतो. गेजचं व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर, म्हणजे लाइनपासून वेगळ्या असलेल्या गुंडाळीवर, तयार होतं. तिथून तुमच्या अंगातून गेलेला करंट तिथेच परत येतो, आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

राहिलं नाचणारं रीडिंग. ही तक्रार खरी आहे, तिची टिंगल करायचं कारण नाही. फिलामेंटमधून चार मिलीॲम्प इलेक्ट्रॉन निघत असताना १०⁻⁹ टॉरला आयन गेजच्या कलेक्टरमधून (आयन गोळा करणाऱ्या तारेतून) साधारण ४० पिकोॲम्प येतात. एवढ्याशा करंटमध्ये पंपाच्या मोटरची गुणगुण सहज मिसळते. पण लूप होतो तो अर्थिंग दोन ठिकाणी, वेगवेगळ्या पातळीवर असल्यामुळे. उपाय अर्थिंग तोडणं हा नाही, ते एका जागी आणणं हा आहे. चेंबर, पंपाची फ्रेम आणि कंट्रोलर यांच्या जाड वायरी एकाच बोल्टवर आणा. सगळे प्लग एकाच बोर्डात लावा. गेजची केबल रोटरी पंपाच्या केबलपासून हातभर लांब न्या. आमच्याकडे निम्म्याहून जास्त नाच एवढ्यानेच थांबला.

अर्थिंग जोडलेलं आहे का हे बघताना मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. दहा तारांच्या शील्डची एक तार शिल्लक असली तरी मीटर आनंदाने वाजतो. आम्ही आता प्रत्येक प्लास्टिक क्लॅम्पवरून तांब्याची विणलेली पट्टी टाकतो, बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर बसवतो, आणि स्विच लावण्याआधी प्रत्येक पट्टी हाताने ओढून बघतो. पिरानी १०⁻² मिलिबारच्या खाली गेल्याशिवाय पेनिंगला सप्लायच मिळू नये म्हणून मध्ये एक रिले (आपोआप चालणारा स्विच) टाकलाय. केबल काढायची असेल तर आधी कंट्रोलर बंद, मग थोडं थांबून हात.