ही ‘तांत्रिक बाब’ नाही, साहेब

भाचीच्या लॅपटॉपवर दुसरी सिस्टीम टाकूच न देणाऱ्या बंधनाबद्दल मी पत्र पाठवलं होतं. आज आमच्या लोकप्रतिनिधींच्या कार्यालयातून त्याला उत्तर आलं. दोन ओळी. ‘सदर विषय तांत्रिक स्वरूपाचा असल्याने कृपया उत्पादक कंपनीशी संपर्क साधावा.’ अहो, जिच्याविरुद्ध तक्रार, तिच्याच दारात जाऊ? डोकं सणकलंय, पोस्ट लांबेल.

भाचीच्या लॅपटॉपवरून मी तुमचं डोकं आधीच खाल्लंय. विंडोज ११ त्यावर चढत नाही, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. यंत्र मात्र ठणठणीत. म्हटलं, विंडोजऐवजी स्वयंसेवकांनी बांधलेलं एखादं हलकं लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू. पेनड्राइव्हचा दिवा एकदा लुकलुकला आणि लाल चौकट आली: ‘इन्व्हॅलिड सिग्नेचर डिटेक्टेड’. सेटअपमध्ये ‘सिक्युअर बूट’ची (ओळखीची डिजिटल सही नसलेली सिस्टीम सुरूच होऊ न देणाऱ्या कुलपाची) ओळ करडी. बाणाची कळ दाबली की कर्सर तिला ओलांडून थेट खालच्या ओळीवर. (सुपरव्हायजर पासवर्ड टाकून झालाय, सुचवू नका.)

हे आपोआप झालेलं नाही. २०१२ मध्ये विंडोज ८च्या लोगोसाठी मायक्रोसॉफ्टने सिक्युअर बूट सक्तीचं केलं. इंटेल-एएमडीच्या पीसीवर ते बंद करायची सोय ठेवायलाच हवी होती. एआरएम चिपच्या (मोबाइलमध्ये असते त्या जातीच्या) यंत्रांवर ती असताच कामा नये, असा नियम. विंडोज १० आलं आणि पीसीवरची ती सोयही यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या मर्जीवर गेली. भाचीच्या वाट्याला आली ती ही मर्जी.

‘उबुंटू, फेडोरा ही लिनक्सं चालतात की!’ चालतात. कारण त्यांच्या शिमवर (सर्वांत आधी सुरू होणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर) मायक्रोसॉफ्टची सही असते. म्हणजे बाजारात उतरायचं ते प्रतिस्पर्ध्याच्या सहीने! याला मक्तेदारी नाही तर काय म्हणायचं?

बूटकिट (यंत्र सुरू होतानाच आत शिरणारे व्हायरस) असतात, संरक्षण हवं, मान्य. (ब्लॅकलोटस नावाचा बूटकिट सिक्युअर बूट चालू असतानाच आत शिरला होता, ते असो.) पण मालकाला सही तपासणारी स्वतःची ‘की’ (डिजिटल किल्ली) घालता आली तर संरक्षण कुठे कमी होतं?

स्पेनच्या हिस्पालिनक्सने, लिनक्स वापरणाऱ्यांच्या आठ हजार सदस्यांच्या संघटनेने, याच सिक्युअर बूटविरुद्ध मार्च २०१३ मध्ये युरोपियन आयोगाकडे तक्रार केली. त्याच महिन्यात आयोगाने ब्राउझर निवडीच्या प्रकरणात मायक्रोसॉफ्टला ५६.१ कोटी युरोंचा दंड ठोकला. बूटबद्दल मात्र, युरोपियन संसदेतल्या प्रश्नाला उत्तर देताना, नियमभंगाचा पुरावा हाती नाही म्हणाले. पुरावा हवा तर भाचीचा लॅपटॉप पाठवतो.

असो. ते उत्तर टाइप करणाऱ्याचा दोष नाही. त्याने ती करडी ओळ कधी पाहिलीच नसेल. मीही पत्रात तीन पानं यूईएफआयच (यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) समजावत बसलो होतो. आता एकच पान. सभागृहात विचारा: बूटचं बंधन मालकाला काढता येतं का, हे विकतानाच खोक्यावर का छापत नाही? आणि सपोर्ट संपलेल्या यंत्रावर ते कुणासाठी ठेवलंय?

मसुदा कमेंटमध्ये टाकतोय. आपापल्या लोकप्रतिनिधींना पाठवा, फोन करून पोच मागा. ‘नवीन घे की’ म्हणणाऱ्यांनी स्क्रोल करावं.