पाणी मुरवावे कसे

सांगलीत घर बांधताना किंवा जुने न्हाणीघर नव्याने करून घेताना, शॉवरच्या भिंतीला टाइल लावण्याआधी वॉटरप्रूफिंग करून घ्यावे, असा सल्ला आपणास कोणीतरी देईलच. देणाऱ्यास चहा पाजावा आणि विषय टाइलच्या रंगावर न्यावा. महिनाभर दुकाने पालथी घालून, घरात दोनदा अबोला धरून, जी दोन बाय चार फुटांची टाइल आपण पसंत केली आहे, तिच्या मागे काय दडले आहे हे पाहुण्यांना कधीच दिसणार नाही. आणि पाहुण्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे घालणे याला आपल्याकडे उधळपट्टी म्हणतात.

मिस्त्री आपल्याच बाजूचा असतो. "साहेब, वर टाइल बसल्यावर पाणी जातंय कुठनं?" हा त्याचा सवाल बिनतोड आहे. टाइलमधून पाणी सहसा जात नाहीच. ते जाते दोन टाइलांच्या सांध्यांतून, कारण तिथे भरलेले पांढरे सिमेंट किंवा साधे सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते आणि घरातल्या चौघांच्या आंघोळीचा वाटा ते रोज थोडाथोडा पिऊन घेते. प्यायलेले पाणी ते प्लास्टरला देते, प्लास्टर विटेला देते, आणि कृष्णाकाठची भाजकी वीट पाणी पिण्यात कोणाला हार जाणारी नाही. पुढे ते विटेतून वरही चढते, त्यासाठी पंप लागत नाही.

काही हेकट मंडळी मात्र प्लास्टर सुकल्यावर त्याच्या भेगा भरतात, कोपऱ्यांत मालाची गोलाई, म्हणजे वाटा, मारून जाळी चिकटवतात, पावडर आणि पॉलिमरचे द्रव कालवून भिंतीवर एक हात उभा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा देतात, तोही शॉवरच्या नळाच्या वरपर्यंत. आपण एवढे करू नये. आपल्यासाठी प्लास्टरच्या मालात वॉटरप्रूफिंगच्या पावडरीची एक पुडी टाकलेली असते. पुडी टाकताना आपण पाहिलेले नसते. पण रिकामी पुडी मिस्त्री दाखवतो, आणि रिकामी पुडी हा मोठाच पुरावा आहे. पुडीने भेग सांधली जात नाही, ही क्षुल्लक बाब आहे. नळांच्या पाइपांसाठी भिंतीत पाडलेल्या चरा तर घाईघाईने बुजवून टाकाव्यात.

टाइल चिकटवण्याच्या पद्धतीकडे मात्र जातीने लक्ष द्यावे. दातेरी थापीने चिकटद्रव्य सर्वत्र सारखे पसरवले, तर टाइलच्या मागे पोकळी राहत नाही आणि पाण्याला बसायला जागा उरत नाही. म्हणून चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे पाच गोळे ठेवून टाइल दाबून बसवावी. नंतर रुपयाच्या नाण्याने ती ठोकून पाहावी. बद्द आवाज आला, तर आपली गुप्त टाकी तयार झाली असे समजावे.

तळाच्या वॉटरप्रूफिंगनंतर नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी वाहून जाण्याचे तळातले तोंड, बंद करून निदान 24 तास पाणी तुंबवून ठेवावे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावे, असाही एक रिवाज आहे. तो पाळल्यास गळती टाइल बसण्याआधीच कळते आणि पुढची सगळी मजा जाते.

जवळच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कोरडी राहत असे. आम्हाला पहिल्या मजल्यावरचे कपाट कोरडे ठेवता आलेले नाही. ते शॉवरच्या भिंतीला पाठ लावून बेडरूममध्ये उभे आहे. पहिल्या पावसाळ्यानंतर भिंतीच्या तळाशी रंगाचे पोपडे आले, मग त्यांवर लोणा फुलला, मिठासारखा पांढरा, बोटाने पुसला की आठवड्यात पुन्हा हजर. रंगाऱ्याने दोन दिवाळ्यांना पुट्टी भरून तो झाकला. मग प्लायवूड फुगले आणि कपाटाचे दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागेनासे झाले. मिस्त्रीला बोलावले, तर त्याने भिंतीवर हात फिरवून ओल वरच्या मजल्यावरून येत असावी असे निदान केले. आमच्या वर गच्ची आहे आणि तो मार्च महिना होता.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गावात शिरली, तेव्हा निदान आयर्विन पुलाजवळची पातळी दर तासाला कळत होती. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. म्हणून आपणही भिंतीवर पेन्सिलीने फुटांच्या खुणा करून ठेवाव्यात. आमच्याकडे परवा तीन फूट दोन इंच भरली. लग्नाचा आल्बम आणि सौभाग्यवतींच्या दोन पैठण्या वरच्या कप्प्यात हलवल्या आहेत. घराच्या खरेदीखताचे स्थलांतर आज संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल.