भाड्याची वही

मंगळवारी आमच्या मागच्या चाळीत एका खोलीला मालकाने दुसरं कुलूप घातलं. घरातलं माणूस ठेकेदाराकडे कामाला होतं, तीन महिन्यांपूर्वी त्याला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून कमी केलं. त्या दिवशी तो काम शोधायला चाकणला गेला होता. बायको दोन घरची धुणीभांडी करून रात्री आठला परत आली, तर लेकराचं दप्तर आत, शेगडी आत, आणि दाराला आपल्या कुलपाशेजारी दुसरं कुलूप. शेजारीपाजारी जमले, रदबदली झाली, साडेदहाला कुलूप निघालं. आठ दिवसांची मुदत मिळाली. भाडं महिना चार हजार, थकलेलं अडीच महिन्यांचं, लाईट धरून बाकी अकरा हजार.

बुधवारी भोसरीतल्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. मी म्हटलं, महापालिकेकडे पूर आला की निधी असतो, आग लागली की निधी असतो, तसा भाडं थकलेल्यांसाठी तातडीचा निधी का नाही? अकरा हजारांसाठी एक घर रस्त्यावर येतं. लेकराची शाळा सुटते, आईची घरकामं सुटतात, नव्या खोलीचं डिपॉझिट अंगावर पडतं. तीन महिन्यांचं भाडं एकदा भरलं तर हे सगळं टळतं.

मामा वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, हिशेबाला कडक. ते लगेच म्हणाले, "उद्या कोणी भाडंच भरणार नाही. सरकार भरतंय म्हटल्यावर कशाला कोण खिशात हात घालेल?"

भाऊ गप्प होते. भाऊ इथलेच. वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी नऊ खोल्या काढल्या. घर त्या भाड्यावर चालतं. मालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बंगलेवाला येतो, पण आमच्या भागातले बहुतेक मालक भाऊंसारखे आहेत. दोन खोल्यांचं भाडं थकलं की यांचा बँकेचा हप्ता थकतो. हे ध्यानात न घेता आखलेली योजना पहिल्याच महिन्यात आपटेल, असं माझं मत आहे.

मामांना मी 2020 च्या लॉकडाऊनची आठवण करून दिली. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सांगितलं की, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नका. हेतू चांगलाच होता. पण ढकललेलं भाडं म्हणजे कर्जच की! मी तेव्हा भाड्याच्या खोलीत होतो. मे महिन्यात गावी गेलो, ऑगस्टात परत आलो, तर मालकाने चार महिन्यांचं भाडं एकदम मागितलं. माझा गॅस सिलिंडर आणि पंखा त्याने आधीच आपल्या घरात नेऊन ठेवला होता. मी सहा हजार हातउसने घेऊन ते सोडवले. परिपत्रक माझ्या मोबाईलमध्ये होतं. ते दाखवलं तर तो म्हणाला, "मग सरकारकडून आण."

आणि तो चुकीचं बोलला नव्हता. थांबायला सांगितलं त्याला, भरपाई मात्र कोणी द्यायची ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दिल्लीत तर त्याच्याही पुढची गोष्ट झाली. 29 मार्च 2020 ला मुख्यमंत्री केजरीवाल यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं की, गरीब भाडेकरूंना भाडं जमलं नाही तर सरकार भरेल. भाडेकरू आणि मालक न्यायालयात गेले. जुलै 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी म्हटलं की, असा शब्द वाऱ्यावर सोडता येत नाही, सहा आठवड्यांत निर्णय घ्या. सप्टेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. म्हणजे मार्च 2020 चं भाडं, आणि सप्टेंबर 2021 पर्यंत वाद चालू. ज्याच्या दाराला कुलूप लागलंय त्याला दीड वर्ष म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

"म्हणून तर म्हणतोय," मामा म्हणाले, "सरकारला जमणारी गोष्ट नाही ही."

इथे सच्या मध्ये पडला. सच्या सेवा केंद्र चालवतो, दिवसभर लोकांचे दाखले काढत असतो. तो म्हणाला, "मामा, पैशाचं सोडा. मी सांगतो अर्ज कुठे अडकेल ते. नोंदणीकृत भाडेकरार मागतील. त्या घराकडे आहे का? नाही. लाईट बिल? मालकाच्या नावावर, यांना सबमीटरचा आकडा तोंडी सांगतात. आधारवर पत्ता? नांदेड. उत्पन्नाचा दाखला? तोही गावच्या तहसीलचा. नोकरी गेल्याचं पत्र? ब्रेक दिलेल्याला कोण पत्र देतो? ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, अटल योजना आहे, नोकरी गेलेल्या विमाधारकाला रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे पैसे, 90 दिवसांपर्यंत. आमच्याकडे चौकशीला येतात, पण ठेकेदाराने वर्गणीच भरलेली नसते."

ताई शेजारच्या शिलाईच्या दुकानातून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "2021 च्या एप्रिलमध्ये घरेलू कामगारांना 1500 रुपये जाहीर झाले, आठवतंय? नोंदणीकृत घरेलू कामगारांना. आमच्या बचत गटात सहा जणी घरकाम करणाऱ्या, नोंदणी एकीचीही नाही. बातमी ऐकली आणि पुन्हा भांडी घासायला गेल्या."

अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं, ते मी सविस्तर सांगितलं, कारण त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. तिथल्या केंद्र सरकारने डिसेंबर 2020 आणि मार्च 2021 अशा दोन कायद्यांनी मिळून 46 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम भाडं आणि वीज-पाण्याची बिलं भरायच्या मदतीसाठी बाजूला काढली. पैसा राज्यांकडे आणि शहरांकडे गेला. शिवाय भाडेकरूला बाहेर काढायला सप्टेंबर 2020 पासून मनाई होती. 26 ऑगस्ट 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली, आणि तोवरचा हिशेब निघाला तेव्हा जुलैअखेर जेमतेम 5 अब्ज डॉलर लोकांपर्यंत पोचले होते. तिजोरी भरलेली, आणि लोक अर्ज घेऊन ताटकळत. बऱ्याच ठिकाणी कारण सच्याने सांगितलं तेच. कागद पुरे नाहीत, मालक सही देत नाही, अर्ज किचकट. शेवटी तिथल्या अर्थखात्याला पुन्हापुन्हा सांगावं लागलं की, माणसाचं स्वतःचं लेखी निवेदन पुरावा म्हणून घ्या आणि पैसे सोडा.

"स्वतःच लिहून द्यायचं?" मामा उठूनच बसले. "मग मीही लिहून देतो की माझं भाडं थकलंय."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. ते अमेरिकेचं नाही, आपल्याच कायद्यातलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 काढून बघा. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे, भाडेकरूवर नाही. आणि असा करार नसेल, तर ज्या अटींवर जागा घेतली त्याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. भाड्याची पावती देणंही मालकाला बंधनकारक आहे, पाणी-लाईट तोडायला मनाई आहे. जो कायदा भाडेकरूचा शब्द न्यायालयात धरतो, त्याच राज्यातल्या मदतीच्या खिडकीवर तो शब्द का चालू नये?

मग मी त्या घरची वही दाखवली. मंगळवारी रात्री मध्यस्थीच्या वेळी ती बाई छातीशी धरून उभी होती, सकाळी तिच्याकडून मागून आणली होती. शाळेची दोनशेपानी वही, कव्हरवर मुलाचं नाव खोडलेलं. प्रत्येक महिन्याला एक ओळ. "नोव्हेंबर, 4000 जमा, लाईट 310 जमा." पुढच्या महिन्यात "2500 जमा, 1500 बाकी", आणि चार दिवसांनी वेगळ्या शाईत "बाकी मिळाली". अक्षर मालकिणीचं. तीन वर्षांच्या ओळी होत्या. शेवटच्या तीन महिन्यांपुढे नुसतं "बाकी", आणि एका ठिकाणी दोन हजारांची नोंद. नवऱ्याने हमाली करून आणलेले.

मामांनी चष्मा लावला आणि पानं उलटली. बराच वेळ उलटत होते. "तीन वर्षांत एकही महिना बुडवलेला नाही," ते म्हणाले. मग लगेच सावरून, "पण अशी वही कोणीही रात्रीत लिहील."

"लिहील की," सच्या म्हणाला. "पण शाई बघा. फोनपेच्या नोंदी याच तारखांशी जुळतात का बघा. शेजारच्या दोन खोल्यांना विचारा. हे काम क्षेत्रीय कार्यालयाचा माणूस अर्ध्या तासात करेल. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस लागतात."

मी म्हणतो, शंभरात पाच खोटे निघाले तरी चालतील. पंचाण्णव घरांना महिनाभर ताटकळत ठेवून ते पाच पकडायचे, तर तोवर त्या पंचाण्णवांपैकी कितीतरी जणांच्या दाराला कुलूप लागलेलं असेल. पैसे आधी द्या, नमुन्याला काही अर्ज नंतर तपासा, खोटं निघालं तर वसूल करा. यावर मामा शेवटपर्यंत तयार झाले नाहीत.

इतका वेळ गप्प असलेले भाऊ आता बोलले, आणि त्यांचं बोलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

"तुम्ही अर्जावर माझी सही मागणार. मी का देऊ? सही दिली की नऊ खोल्या भाड्याने दिल्यात हे मी सरकारला लिहून दिलं. बांधकामाला परवानगी नाही. बेकायदा बांधकामावरचा शास्तीकर माफ झाला म्हणून सुटलो, पण ती नोटीस मी अजून जपून ठेवलीय. आठ हजार मिळवायला मी ऐंशी हजारांचं दुखणं ओढवून घेऊ?"

कोणाला पटकन उत्तर सुचलं नाही. आम्ही सगळे भाडेकरूच्या कागदांबद्दल बोलत होतो, मालकाच्या भीतीचा विचार कोणी केलाच नव्हता. मला वाटतं, यातून वाट एकच आहे. या योजनेत दिलेली माहिती करआकारणीला किंवा अतिक्रमण विभागाला वापरता येणार नाही, हे योजनेच्या आदेशातच लिहायला हवं. तरीही मालक तयार नसेल, तर पैसे थेट भाडेकरूच्या खात्यावर जायला हवेत. अमेरिकेतही मालक अडून बसला तर पैसे भाडेकरूलाच द्यायची सोय होती.

"आणि तो पैसे घेऊन गावी गेला तर?" भाऊंनी विचारलं.

"घरच्या बाईच्या खात्यावर टाका," ताई म्हणाल्या. "खोलीत राहायचं तिला असतं. गटातून कर्ज दिलेल्या बाईने आजवर आमचा हप्ता बुडवलेला नाही."

"मग कर्जच द्या ना," मामा म्हणाले. "फुकट कशाला?"

ताईंनी मान हलवली. "मामा, कर्ज कमावत्या घराला देतात. नोकरी गेलेल्या घराला दिलं की ते फेडायला दुसरं काढतात, मग फायनान्सवाले दारात येतात. मी हे रोज बघते."

भाऊंनी मग स्वतःच एक तोडगा काढला. तीन महिने थकले असतील तर एक महिना मालकाने सोडावा, दोन सरकारने द्यावेत. आम्हाला तो एकदम पटला. पण कॅलिफोर्नियाने 2021 च्या सुरुवातीला हेच करून पाहिलं होतं. मालकाने थकबाकीचा पाचवा हिस्सा सोडायचा आणि उरलेले चार सरकारने द्यायचे. पाच महिन्यांतच तो नियम बदलून त्यांना पूर्ण रक्कम द्यावी लागली. हे ऐकून भाऊ म्हणाले, "मी सोडेन, पण दुसऱ्याचं मी सांगू शकत नाही." मला वाटतं सोडायची सक्ती नको. पूर्ण द्या, आणि बदल्यात सहा महिने भाडं वाढवणार नाही, बाहेर काढणार नाही, एवढं मालकाकडून लिहून घ्या. नुसते पैसे देऊन ही अट घातली नाही, तर मालक पैसेही घेईल आणि पुढच्या महिन्यात खोलीही रिकामी करून घेईल.

अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात 2021 मध्ये झालेली एक गोष्ट मला फार पटते. भाडं थकलं म्हणून मालकाला न्यायालयात जायचं असेल, तर आधी मदतीसाठी अर्ज करून 45 दिवस थांबायचं, असा आदेश तिथल्या न्यायालयाने काढला. आपल्याकडे चाळीतला मालक न्यायालयात जातच नाही, तो कुलूप आणतो. म्हणून आपल्याकडे अर्ज दाखल झाला की त्याच दिवशी पोच मिळाली पाहिजे आणि ती पोच दाखवली की पोलीस चौकीने कुलूप काढायला लावलं पाहिजे. पैसे पंधरा दिवसांनी आले तरी चालतील, पोच त्याच दिवशी हवी.

मामांनी तोवर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर हिशेब मांडला होता. समजा शहरात वर्षाला अशी पाच हजार घरं. घरटी जास्तीत जास्त पंधरा हजार. साडेसात कोटी. दोन वर्षांत एकाच घराला एकदाच, आणि कारण ठरलेलं हवं, काम गेलं, अपघात झाला, घरातलं कमावतं माणूस गेलं. आकडा त्यांनी दोनदा तपासला. "महापालिकेला जड नाही," ते म्हणाले. "पण तपासल्याशिवाय नाही."

त्या घराच्या बाकीपैकी पाच हजार ताईंच्या गटाने दिले, कर्ज म्हणून, कारण दुसरं काही हातात नव्हतं. भाऊ त्या मालकाला ओळखतात, ते बोलून आले. उरलेल्या सहा हजारांना महिनाभराची मुदत मिळाली आहे. नवऱ्याला अजून काम नाही.

शुक्रवारी भाऊ कट्ट्यावर आले तेव्हा त्यांच्या काखेत त्यांची स्वतःची वही होती, नऊ खोल्यांची. सच्याला म्हणाले, "याच्या झेरॉक्स काढ, ज्याची त्याला देतो. महापालिकेला नाही, फक्त त्यांना." सच्याने पानं मोजली. भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "सही कुठे करू, प्रत्येक ओळीपुढे की पानाखाली एकच?"