तिळगूळ घ्या, शॉक घ्या

नागपूरच्या हिवाळ्यात माणूस माणसाला हात लावायला घाबरतो हे मला लग्नाआधी कोणी सांगितलं नव्हतं. थंडीचं सांगितलं होतं, सावजी जरा जपून खा असं पण सांगितलं होतं, पण डिसेंबर लागला की गोदरेजच्या कपाटाचं हँडल, गाडीचं दार, बाथरूमचा नळ आणि स्वतःची बायको या सगळ्यांकडे सारख्याच संशयाने बघावं लागतं, याबद्दल सगळे गप्प. मी रत्नागिरीचा. आमच्याकडे पापड उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत त्याची चपाती होते, प्रत्येक वस्तूवर ओलाव्याचा एक न दिसणारा थर कायम असतो आणि अंगावर जरा चार्ज जमला तरी तो त्यातून गुपचूप निघून जातो. नागपूरची हिवाळ्यातली हवा कोरडी ठणठणीत, तिथे तो जातो कुठे, बसतो तुमच्याच अंगावर.

पहिला त्रास ब्लँकेटचा. सासरी जावयाला चांगलं म्हणून ते वाघाचं चित्र असलेलं मऊ ब्लँकेट देतात, पूर्ण सिंथेटिक, आणि अंधारात कूस बदलली की चट चट चट, वर निळ्या ठिणग्या. वाघाच्या डोळ्यातून ठिणगी निघताना मी प्रत्यक्ष बघितलीय. साधी सोलापुरी चादर मागितली, ती सुती, ती थोडा ओलावा धरते त्यामुळे असले उद्योग करत नाही, पण जावयाला जुनी चादर दिली तर लोक काय म्हणतील या कारणाने अर्ज फेटाळला गेला.

आणि भांडण एकच, "तू मला शॉक दिलास." बायको म्हणते मी दिला, मी म्हणतो तिने दिला. आता खरं सांगायचं तर ठिणगी उडते तेव्हा जो काही करंट असतो तो दोघांमधून सारखाच जातो आणि दोघांच्या बोटाला सारखाच टोचतो, पण हे ऐकायला कोण तयार आहे, ज्याने आधी "आई गं" म्हटलं तो फिर्यादी आणि दुसरा आरोपी असा घरचा कायदा आहे.

या कायद्याखाली माझी मोठी केस झाली ती संक्रांतीला. सासरचं सगळं खानदान जमलेलं, मी नवीन लोकरी स्वेटर आणि पायात रबरी स्लीपर घालून रेक्झिनच्या सोफ्यावर बराच वेळ बसलेलो. लोकांना वाटतं घासलं तरच वीज तयार होते, तसं काही नाही, दोन वेगळ्या वस्तू चिकटून सुटल्या तरी इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे होतात, आणि बसण्यात मी कधी कसर ठेवत नाही. सासूबाई तिळगुळाचा डबा घेऊन आल्या, अनवाणी, म्हणजे जमिनीशी व्यवस्थित जोडलेल्या. मी उठलो, संस्कारी जावयासारखा वाकलो आणि त्यांच्या पायाला हात लावायला गेलो तर माझ्या बोटातून त्यांच्या चांदीच्या जोडव्यावर अशी ठिणगी उडाली की आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. डबा हवेत, तिळाचे लाडू सोफ्याखाली. आशीर्वाद काय मिळाला ते नीट ऐकू आलं नाही.

त्यानंतर प्रश्नोत्तरं. "तुम्हालेच काऊन होऊन रायलं जी असं?" हा पहिला प्रश्न, म्हणजे दोष माझ्यातच आहे हे आधीच ठरलेलं. काकू म्हणाल्या रक्त कमी असेल. शेजारचे काका म्हणाले घराचं अर्थिंग बघा, जसं काही मी प्लगला लावलेला होतो. सासूबाईंनी अंगठा चोळत निदान केलं की अंगात उष्णता आहे, रोज सब्जा प्या. मेव्हण्याच्या मुलाला मात्र हा सगळा प्रकार फारच आवडला, तो टेस्टर घेऊन आला, मला ब्लँकेटवर लोळायला लावलं आणि टेस्टरचं टोक माझ्या नाकाला लावलं, तर आतला छोटा दिवा खरंच लुकलुकला. त्या दिवसापासून घरात कोणी पाहुणा आला की माझा प्रयोग दाखवतात.

मामासासरे कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, त्यांनी बाजू घेतली. म्हणाले, अरे, आमच्या धुरातली राख याच युक्तीने पकडतात, तारांवर हजारो व्होल्ट सोडायचे, राखेच्या कणांना चार्ज द्यायचा, कण जाऊन पत्र्यांना चिकटतात, मग पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राख खाली झडते. झेरॉक्समध्ये काळी पावडर कागदावर येते ती पण अशीच. मला जरा बरं वाटलं, पण सगळे जण आता हातोडे शोधत असल्यासारखे बघायला लागले.

मग त्यांनी व्होल्ट काढले. हवेत एक सेंटीमीटरची ठिणगी पडायला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात, आणि ३,००० च्या खाली तर आपल्याला काही कळतच नाही, म्हणजे जे टोचतं ते सगळं त्याच्या वरचं. हे ऐकून सासूबाई एक खुर्ची मागे सरकल्या. एवढ्या व्होल्टने माणूस मरत कसा नाही? तर अंगावर एकूण चार्जच इतका किरकोळ असतो की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो. भिंतीतले २३० व्होल्ट मात्र संपत नाहीत, मागून येतच राहतात, म्हणून ते मारतात.

उपाय आहेत, आणि ते मी आता धर्मासारखे पाळतो. दाराला हात लावायच्या आधी हातातली किल्ली घट्ट धरून ती टेकवायची, ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळत नाही. गाडीतून उतरताना सीटवरून उठायच्या आधीच दाराची पत्र्याची कड पकडायची आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडायची नाही. नाहीतर आधी भिंतीवर तळहात ठेवायचा, तिथून चार्ज हळूहळू जातो. त्यामुळे मी हल्ली कोणाच्याही घरी गेलो की आधी भिंतीला हात लावतो आणि मग नमस्कार करतो, दोन घरांत लोकांनी विचारलं की बिल्डर आहात का.

मार्च संपता संपता कूलर बसला. वाळ्याच्या पडद्यातून ओली हवा घरभर फिरायला लागली आणि ठिणग्या एका दिवसात बंद. (कूलरच्या लोखंडी बॉडीला हात लावून जो झटका बसतो तो ह्यातला नाही हं, तो खरा २३० चा, विदर्भात दर उन्हाळ्यात त्याने माणसं जातात, पाणी भरताना आधी प्लग काढा आणि तिथे मात्र काकांचं अर्थिंग खरंच बघा.) मी सासूबाईंना ओलाव्याचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकलं, मग माझ्या हातात ग्लास दिला, बोटाला बोट लागलं, काही झालं नाही. "पाहा," त्या म्हणाल्या, "सब्ज्यानं गेलं ना जी." काकूंना पण आता रोज एक ग्लास सांगितलाय म्हणे, गुडघ्यासाठी.